‘या क्षणी कोणाला काय माहीत आहे?’ : दोन दिवसांच्या एका रसग्रहण वर्गाविषयी

गेल्या हिवाळ्यातल्या एका शनिवार-रविवारी पुण्यात भरलेल्या साहित्य-चित्रपट रसग्रहण वर्गाला मी गेलो होतो. गोष्ट सांगण्याच्या पद्धतीतून सामाजिक आशय वाचकापर्यंत आणि प्रेक्षकापर्यंत कसा पोहोचतो, हा वर्गाचा विषय होता. शुल्क २,५०० रुपये होते आणि त्यात दोन दिवसांचे जेवण, चार वेळा चहा, एक टिपणपुस्तिका आणि तीन संपूर्ण चित्रपट एवढे सगळे मिळणार होते. आयोजक संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही उणिवा स्पष्टपणे सांगायच्या आहेत आणि त्या अशा वर्गांच्या एकूण पठडीतल्याच असल्यामुळे एकालाच नावानिशी धारेवर धरण्यात अर्थ नाही. फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांचा काही आठवड्यांचा रसास्वाद अभ्यासक्रम पुण्यात अनेक वर्षे चालत आला आहे. परंतु माझ्यासारख्या बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला एवढी सलग रजा मिळणे कठीण असते, आणि ज्यांची हीच अडचण आहे त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

सुरुवात काही चांगली झाली नाही. दारातच हाती पडलेल्या टिपणपुस्तिकेत प्रत्येक कलाकृतीसाठी चार रकाने आखलेले होते : कर्ता, कथानक, तंत्र आणि संदेश. शेवटच्या रकान्यात ‘जातिभेद नष्ट झाला पाहिजे’, ‘जरठ-कुमारी विवाह अन्यायकारक आहे’ अशी वाक्ये छापलेली होती. शाळेत असताना धड्याखाली ‘तात्पर्य’ लिहिण्याची जी सवय आपल्याला लागते, ती पन्नाशीतही सुटू नये याची जणू कोणी काळजी घेतली होती. एवढेच सांगायचे असते तर शंभर-सव्वाशे वर्षे कादंबऱ्या लिहिण्याची आणि कॅमेरे फिरवण्याची गरज नव्हती. भिंतीवर घोषणा रंगवून भागले असते. मात्र वर्ग घेणाऱ्या प्राध्यापिकांनी पहिल्याच तासाला सर्वांना तो रकाना तळहाताने झाकायला सांगितले, आणि तेव्हा मला पैसे वाया जाणार नाहीत असे वाटू लागले.

त्यांची पद्धत साधी होती. उतारा वाचून झाला किंवा दृश्य पाहून झाले की त्या एकच प्रश्न विचारत : या क्षणी कोणाला काय माहीत आहे? पात्राला किती कळते, निवेदकाला किती कळते आणि आपल्याला किती कळते, याचा हिशोब मांडायचा. हे ऐकायला गणितासारखे कोरडे वाटते; प्रत्यक्षात मात्र दोन दिवसांत मला जे काही नवे दिसले ते बहुतेक याच प्रश्नामुळे दिसले.

पहिले सत्र कादंबरीचे होते आणि त्यासाठी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ निवडलेली होती. १८९० साली हरिभाऊंनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि ही कादंबरी त्यातूनच क्रमशः वाचकांपुढे आली. तिची नायिका यमू आपली हकिकत स्वतःच्या तोंडून सांगते, हे आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो आहोत. एका पुरुषाने स्त्रीच्या तोंडून लिहिले याचे कौतुकही जुनेच आहे. प्राध्यापिकांनी आम्हाला यमूच्या लहानपणातले एक पान वाचून दाखवले आणि विचारले की, घरात काय चालले आहे हे यमूला कळते आहे का? उत्तर असे होते की तिला कळत नाही, तिच्या वयाला ते कळणारही नाही. ती फक्त जे दिसले, जे कानावर पडले ते जसेच्या तसे सांगते. वडीलधाऱ्यांचा राग, आईचे गप्प बसणे, दाराआडचे कुजबुजणे यांचा अर्थ वाचक तिच्या आधी लावतो. सासरकडच्या शंकरमामंजींच्या घरात पुढे तिच्यावर जे ओढवते, विधवा झाल्यावर तिचे केस ज्या रीतीने काढले जातात, त्याची चाहूल लागलेली असूनही वाचक तिला सावध करू शकत नाही. हीच ती हतबलता, आणि ती वाचकाच्या अंगावर टाकायची तर निवेदक लहान आणि निरागसच असायला हवी होती. याच मजकुराचा एखादा जळजळीत अग्रलेख झाला असता तर वाचकाने मान डोलावली असती आणि पान उलटले असते. मला तर असे वाटते की शीर्षकातला तो ‘कोण’ ज्याच्याकडे बोट दाखवतो तो घरात बसून ‘करमणूक’ वाचणारा मध्यमवर्गीय पुरुषच होता.

त्यानंतर बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ या १९६३ च्या कथासंग्रहातील शीर्षककथा घेतली. येथे तोच प्रश्न विचारला आणि हिशोब नेमका उलटा निघाला. रेल्वेत नोकरी लागून परगावी गेलेला निवेदक राहायला जागा मिळावी म्हणून जात सांगत नाही. म्हणजे निवेदकाला ठाऊक आहे, आपल्याला ठाऊक आहे, पण त्याला प्रेमाने घरात घेणाऱ्यांना ठाऊक नाही. त्यांनी पुढे केलेला प्रत्येक चहाचा कप, प्रत्येक आदराचा शब्द वाचताना आपला श्वास अडकतो, कारण हा आदर कोणत्या क्षणी काठीत बदलेल याची आपण वाट पाहत असतो. रहस्यकथेत खुनी कोण हे लपवून जो ताण निर्माण करतात, तोच ताण बागुलांनी येथे एका माणसाच्या जन्माच्या भोवती उभा केला आहे. फरक एवढाच की येथे ‘गुन्हेगार’ ठरणाऱ्याने काही केलेलेच नाही. माझ्या शेजारी बसलेले एक निवृत्त शिक्षक हळूच म्हणाले, “ही कथा मी वर्गात तीस वर्षे शिकवली, पण मुलांना नेहमी शेवटच विचारत आलो.” प्रामाणिक बोलणे होते. दया पवारांच्या ‘बलुतं’मधल्या निवेदनाला मात्र वीसच मिनिटे मिळाली, याची मला रुखरुख वाटली. १९७८ च्या त्या आत्मकथनात दगडू मारुती पवार हा दया पवारांना आपली कहाणी सांगतो, म्हणजे एकाच माणसातला गावकुसाबाहेरचा मुलगा त्याच माणसातल्या शिकलेल्या, पांढरपेशा झालेल्या लेखकाशी बोलतो. कोणाला काय माहीत आहे आणि कोणाला काय विसरायचे आहे, हा प्रश्न येथे किती टोकदार झाला असता! पण जेवणाची वेळ झाली होती. जेवण चांगले होते, एवढे येथेच नोंदवून ठेवतो.

दुपारी ‘कुंकू’ दाखवला, आणि माझी सर्वांत मोठी तक्रार याच सत्राची आहे. प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३७ चा आहे आणि तो नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला आहे. कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली आणि ज्या आवारात हा चित्रपट घडला तेथेच पुढे फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. म्हणजे आम्ही तो त्याच्या जन्मस्थानापासून रिक्षाच्या अंतरावर पाहत होतो. या चित्रपटाची सर्वांत मोठी ओळख अशी की त्याला पार्श्वसंगीत नाही. जे काही ऐकू येते ते त्या घरातले असते : ग्रामोफोन, भांडी, पावले आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. असा चित्रपट दाखवण्यासाठी आयोजकांनी आणलेले ध्वनिवर्धक एखाद्या वाढदिवसाच्या कार्यक्रमाला शोभतील असे होते. संवाद मोठ्याने ऐकू येत होते, पण घड्याळ तिसऱ्या रांगेच्या मागे पोहोचत नव्हते. मी पाचव्या रांगेत होतो. मध्यंतरात पुढे जाऊन बसलो तेव्हा चित्रपटच बदलल्यासारखा वाटला, आणि एका अर्थी तो तसा बदललाही होता.

कारण त्या घरात वय मोजण्याचे काम ते घड्याळ करत असते. शांता आपटे यांची नीरा ही मामाने फसवून म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलेली तरुण मुलगी आहे, आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब हे घरात नीरेच्याच वयाची मुले असलेले वकील आहेत. नीरा त्यांना नवरा मानायला नकार देते. सामान्य प्रचारकी चित्रपटात येथे एखादा सुधारक येऊन भाषण करतो. ‘कुंकू’तही बोलण्याचे प्रसंग आहेत, ते आज काहीसे लांबलेले वाटतात. परंतु काकासाहेबांना स्वतःविषयी जे कळत जाते, ते त्यांना कोणी सांगत नाही. घड्याळ सांगते, आरसा सांगतो. आरसा फुटल्यावर त्याच्या तुकड्यातुकड्यांत त्यांना आपलाच चेहरा दिसतो आणि तो त्यांनाच हसतो, हे दृश्य मराठी चित्रपटाच्या इतिहासात अनेकदा वाखाणले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. हा माणूस खलनायक असता तर प्रेक्षक त्याचा तिरस्कार करून मोकळा झाला असता. प्रत्यक्षात चित्रपट त्याला हळूहळू शहाणा करतो, आणि त्यामुळे सभागृहातल्या त्या काळच्या काकासाहेबांना पळून जायला वाट उरत नाही.

शेवटाविषयी मात्र माझे प्राध्यापिकांशी जमले नाही. काकासाहेब आत्महत्या करून नीरेला मोकळे करतात. प्राध्यापिकांच्या मते हा प्रायश्चित्ताचा, म्हणून धाडसी शेवट आहे. मला वाटते की गोष्टीला दुसरी वाटच नव्हती, आणि ती का नव्हती हे वर्गात सांगायला हवे होते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा १९२९ मध्ये आला. परंतु देशभरातल्या हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा मार्ग देणारा हिंदू विवाह कायदा १९५५ चा, म्हणजे ‘कुंकू’नंतर अठरा वर्षांनी झालेला. नीरेला विधवा म्हणून नवे आयुष्य सुरू करता येत होते, पण पत्नी म्हणून बाहेर पडता येत नव्हते. म्हणून तिला मोकळे करायचे तर गोष्टीला नवऱ्याला मारावे लागते. कथानकाचा जो सांधा आपल्याला आज सोयीस्कर वाटतो, तो त्या काळच्या कायद्याने आखून दिलेला होता. शिवाय निर्णय शेवटी म्हाताऱ्याच्याच हातात राहतो, नीरेच्या नाही, हेही नजरेआड करता येत नाही. मी हे बोलून दाखवल्यावर प्राध्यापिका म्हणाल्या, “हे तुमच्या वहीत नीट लिहून काढा.” वाद टाळण्याची ही सभ्य रीत असावी.

रविवारी सकाळी ‘कोर्ट’ होता. चैतन्य ताम्हाणे यांचा हा २०१४ चा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप असतो की, गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने त्याचे गाणे ऐकून आत्महत्या केली. शाहिराची भूमिका वीरा साथीदार यांनी केली आहे. या विषयावर रडवणारा आणि चिडवणारा चित्रपट काढणे सोपे होते. ताम्हाण्यांनी कॅमेरा लांब ठेवला आणि तो बहुतेक वेळ हलूच दिला नाही. न्यायालयाच्या खोलीत मागच्या बाकावर आपल्या खटल्याची वाट पाहत बसलेल्या माणसाला जेवढे दिसेल, तेवढेच आपल्याला दिसते. वकील कायद्याची कलमे इंग्रजीत एकसुरी आवाजात वाचतात, न्यायाधीश टंकलेखकाला मजकूर सांगतात, पंखा फिरत राहतो. कोणाचाही चेहरा जवळून दाखवून ‘आता येथे हळहळा’ असे आपल्याला सांगितले जात नाही.

एक प्रसंग मी येथे जरा सविस्तर सांगतो. मृत कामगाराची पत्नी साक्षीला उभी राहते. तिला विचारले जाते की, नवरा कामावर दारू पिऊन जात असे का? ती सांगते की त्या वासात काम करायचे म्हणून तो पीत असे. गटारात विषारी वायू आहे की नाही हे तो कसे ओळखत असे, असे विचारल्यावर ती झुरळाची गोष्ट सांगते : आतून झुरळ बाहेर आले तर आत जगण्यापुरती हवा आहे. ती हे रडून सांगत नाही. रेशनच्या दुकानात नाव सांगावे तसे सांगते. खटल्याच्या दृष्टीने हे उत्तर फक्त एवढ्याचसाठी असते की आत्महत्या की अपघात हे ठरावे. त्या खोलीतल्या कोणालाही झुरळाच्या भरवशावर जगणाऱ्या माणसाविषयी काही म्हणायचे नसते, आणि ते म्हणायचे नसते म्हणूनच ते आपल्या डोक्यात घर करते. हाताने मैला उपसण्याची प्रथा बंद करणारा कायदा २०१३ मध्ये नव्याने झाला, हे पुस्तिकेत छापलेले होते. चित्रपट असे काही बोलत नाही, आणि तो ते बोलला असता तर बिघडला असता.

दुसरे तंत्र याहून सूक्ष्म आहे. चित्रपट मधूनच न्यायालय सोडून वकिलांच्या मागे घरी जातो. गीतांजली कुलकर्णी यांनी साकारलेली सरकारी वकील लोकलने प्रवास करते, मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाक करते, कुटुंबाबरोबर नाटकाला जाते आणि परप्रांतीयांची टर उडवणाऱ्या विनोदांवर सभागृहाबरोबर खळखळून हसते. ती दुष्ट नाही. ती आपल्या ओळखीची आहे. माझ्या शाखेत तिच्यासारख्या तिघी आहेत आणि त्यांच्यातली कोणीही माझ्या मदतीला रात्री बारा वाजता धावून येईल. व्यवस्थेचा कठोरपणा कठोर माणसांमुळेच टिकतो, ही आपली समजूत हा चित्रपट एका स्वयंपाकघरात नेऊन मोडतो. न्यायाधीशही उन्हाळ्याच्या सुटीत सहलीला गेलेले दिसतात आणि ओळखीच्या माणसाला त्याच्या मुलाच्या अडचणीवर खडे-अंकशास्त्राचे उपाय सुचवतात. ज्याच्या सहीवर दुसऱ्याचे स्वातंत्र्य अवलंबून आहे त्याला काय माहीत आहे आणि तो कशावर विश्वास ठेवतो, हे आपल्याला अगदी शेवटी कळते. तोवर फार उशीर झालेला असतो.

याच ठिकाणी वर्गातली सर्वांत गमतीची आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी चूक घडली. सुटी लागल्यावर न्यायालयाच्या खोलीतले दिवे एकेक करून मालवले जातात, माणसे निघून जातात आणि कॅमेरा त्या रिकाम्या, अंधाऱ्या खोलीत तसाच उभा राहतो. पडदा बराच वेळ काळा असतो. आमच्या स्वयंसेवकाला वाटले, चित्रपट संपला. त्याने सभागृहातले दिवे लावले. चहाचा ट्रे आत आला. आमच्यातले निम्मे लोक उठून उभे राहिले, कोणी मोबाइल सुरू केला, एकाने तर टाळ्याही वाजवल्या. आणि मागे पडद्यावर न्यायाधीशांची सहल सुरू झाली. खाली बसा, दिवे घालवा असा गोंधळ झाला. मी त्या मुलावर चिडलो होतो. नंतर विचार करताना लक्षात आले की दिग्दर्शकाने काढलेला चिमटा आम्हाला त्याच्या अपेक्षेपेक्षा जोरात बसला होता. शाहीर अजून तुरुंगात, खटला अर्धवट, आणि आम्ही मात्र खोलीतले दिवे गेले म्हणून चहाकडे निघालो होतो. चर्चेत प्राध्यापिकांनी हा प्रसंग वापरायला हवा होता. त्यांनी फक्त दिलगिरी व्यक्त केली.

दुपारच्या ‘फँड्री’विषयी इतके लिहिले गेले आहे की मी दोनच गोष्टी सांगतो. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटात जब्या या कैकाडी समाजातल्या शाळकरी मुलाच्या कुटुंबाला गावातले डुक्कर पकडावे लागते आणि गाव कडेला उभे राहून हा पाठलाग करमणुकीसारखा पाहते. पाठलाग लांब आहे, त्यात माणसे घसरतात, पडतात, आणि सभागृहात हशा पिकला. मीही हसलो. मग हळूहळू ध्यानात येते की कॅमेरा जिथे उभा आहे तिथेच गावकरी उभे आहेत, आणि आपण त्यांच्याच बाजूने, त्यांच्याच उंचीवरून पाहतो आहोत. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्यातून आपल्याकडे येतो आणि सगळे काळे होते, तेव्हा तो आपल्याला का मारला हे विचारण्याची सोय उरत नाही. दुसरी गोष्ट राष्ट्रगीताची. डुक्कर हाताशी आलेले असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, कुटुंब जागच्या जागी थबकते आणि डुक्कर निसटते. येथेही सभागृह हसले. अंगणवाडी पर्यवेक्षिका असलेल्या एका बाई मात्र चर्चेत म्हणाल्या, “आम्ही हसलो ते डुकराला. त्या पोराला उभं राहायला कोणी शिकवलं, ते कोणी पाहिलं?” दोन दिवसांतले सर्वांत नेमके वाक्य मला हेच वाटले. पकडलेले डुक्कर बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर फुले, आंबेडकर, गाडगेबाबा यांची चित्रे दिसतात. ती चौकट काहींना फार उघड वाटते. मला पहिल्यांदा तशीच वाटली होती. आता वाटत नाही, कारण ज्या गावात मी वाढलो तिथल्या शाळेच्या भिंतीवर हीच चित्रे होती आणि भिंतीसमोर काय चालते याच्याशी त्या भिंतीचा काही संबंध आहे असे आम्हाला कोणी कधी भासवले नव्हते.

याच चर्चेत ‘सैराट’च्या शेवटाचा विषय निघाला. २०१६ च्या या चित्रपटाची गाणी गावोगाव वाजली, आणि शेवटच्या दृश्यात मात्र दिग्दर्शकाने सगळा आवाजच काढून घेतला. आतापर्यंत आपल्याला नाचवणारे संगीत गेले, रडण्याचा आवाजही गेला; आईवडिलांचे काय झाले ते न कळणारे लहान मूल आणि त्याची पावले एवढेच उरले. पुन्हा यमूचाच हिशोब : जे पाहणाऱ्या मुलाला कळत नाही ते आपल्याला कळते. एकशे पंचवीस वर्षांचे अंतर असलेल्या दोन कलाकृती एकाच युक्तीवर उभ्या आहेत हे मला तेथे बसल्याबसल्या सुचले, आणि केवळ एवढ्यासाठीही २,५०० रुपये जास्त नव्हते.

नंतर पाहुण्या वक्त्यांचे तासाभराचे भाषण झाले. चित्रपटांनी समाजाला संदेश दिलाच पाहिजे, असे त्यांनी पाच-सहा वेळा सांगितले. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

शेवटचे सत्र लेखनाचे होते, आणि वर्गाची निवड करताना याचा अवश्य विचार करावा, कारण बहुतेक रसग्रहण वर्गांत ऐकण्यापलीकडे काही करायचे नसते. आपल्या इमारतीत किंवा गल्लीत घडलेला एखादा प्रसंग, त्यात ज्याला सर्वांत कमी बोलायला मिळाले त्याच्या नजरेतून, ३०० शब्दांत लिहायचा होता. मी आमच्या सोसायटीची सभा घेतली. घरकामाला येणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरू नये असा ठराव त्या सभेत मांडला गेला होता, आणि सभेला चहा देण्याचे काम अर्थातच कामाला येणाऱ्या मावशींकडेच होते. मी लिहिताना एक गोष्ट धरून चाललो : टेबलावरच्या ठरावाचा कागद मावशींना वाचता येतो, हे सभासदांना माहीत नाही. त्या कप ठेवतात, कागद वाचतात, पुढचा कप ठेवतात. लिहून झाल्यावर मी स्वतःवर बराच खूश होतो. वही आठवड्याने टपालाने परत आली. पहिल्या पानावर कोपऱ्यात एक छोटीशी बरोबरची खूण होती आणि शेवटच्या चार ओळींवर आडवी रेघ मारलेली होती. त्या चार ओळींत मी मावशींना जिन्यात थांबवून श्रमप्रतिष्ठेवर बोलायला लावले होते.

ज्यांना जावेसे वाटेल त्यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी. सुमारे चाळीस जण होतो आणि चर्चेसाठी ही संख्या जास्तच आहे. पंचविसापेक्षा अधिक लोक घेऊ नयेत. निवडलेल्या कलाकृती आधी वाचून, पाहून गेल्यास फायदा दुप्पट होतो, विशेषतः कथा, कारण वर्गात उतारेच वाचले जातात. खुर्च्या प्लॅस्टिकच्या आहेत, ‘कुंकू’ अडीच तासांहून मोठा आहे, आणि पाठदुखी असणाऱ्यांनी उशी न्यावी हे मी गंभीरपणे सांगतो. बसायला पहिल्या तीन रांगाच निवडाव्यात. स्त्री-लेखकांची आणि स्त्री-दिग्दर्शकांची एकही कलाकृती कार्यक्रमात नव्हती. स्त्रीच्या तोंडून बोलणारी यमूही एका पुरुषाने लिहिलेली, याकडे लक्ष वेधल्यावर आयोजकांनी ते मान्य केले.

पुढच्या वर्गात नाटके घेणार असल्याचे आणि ध्वनिव्यवस्था भाड्याने आणणार असल्याचे त्यांनी कळवले आहे. मी नाव नोंदवले आहे, आणि नोंदणीच्या अर्जातील सूचनांच्या जागी पुस्तिकेतला चौथा रकाना काढून तिथे कोरी जागा ठेवावी असे लिहून दिले आहे.